एकावन्न मडकी आणि एक पाळणा

समस्त नातलग, सोयरे, खापरखेड्याच्या कॉलनीतले जुने शेजारी आणि आमच्या घरी कधी ना कधी तर्रीपोहे खाऊन गेलेले सर्व लहानथोर यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की ताईच्या रिसेप्शनला जी एकावन्न मडकी रिकामी टांगली गेली होती, ती नागपुरातल्या सदर भागातल्या डेकोरेशनवाल्याने टांगली नव्हती. सदरला तसा कोणी डेकोरेशनवाला नव्हताच. गेली पंचवीस-तीस वर्षं दोन्ही घरांत त्या माणसाच्या अकलेचा उद्धार होतो. आमच्या मामांना तर तो चांगला आठवतो. टक्कल होतं म्हणतात, आणि नजर चुकवून बोलायचा. तर तो माणूस मी आहे. मला टक्कल नाही. ही कबुली मी पूर्ण शुद्धीत, दुपारचा चहा घेऊन, कोणाच्याही दबावाखाली न येता देत आहे.

ही कबुली देण्याची वेळ रुचाने आणली. रुचा म्हणजे ताईची मुलगी. तिचं लग्न ठरलंय, आणि मागच्या महिन्यात ती फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "मावशी, मला रिसेप्शनला रस्टिक लुक हवाय." मग तिने चित्रं दाखवली. गवताच्या पेंढ्यांवर बसलेले पाहुणे, सुतळी गुंडाळलेल्या काचेच्या बरण्यांत मेणबत्त्या, झाडाला टांगलेले कंदील, गोणपाटाचे टेबलक्लॉथ. "रस्टिक म्हणजे कसं असतं माहितीये का..." असं म्हणून ती मला समजावायला लागली. स्वयंपाकघरात ताईच्या हातातला झारा थांबला. मी म्हटलं, "बाई गं, नागपूर जिल्ह्यात रस्टिक आणलं कोणी ते आधी तुझ्या आईला विचार." ताई बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या तऱ्हेने हसली त्यावरून मला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे. बहुधा पहिल्या दिवसापासून.

आमचं क्वार्टर खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत होतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरू. माझं सगळं लहानपण एका घरघरीत गेलं. चिमण्यांखालची ती यंत्रं दिवसरात्र चालायची, आणि आम्हाला ती ऐकूच यायची नाहीत, गावाहून पाहुणे आले की ते विचारायचे, "हा आवाज कशाचा?" आणि आम्ही विचारायचो, "कोणता आवाज?" अधूनमधून वाफ सुटायची. मग मात्र असा फूत्कार व्हायचा की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्ये थांबायचा, हातातला घास हातात राहायचा, आणि वाफ संपली की वाक्य जिथे थांबलं तिथून पुढे सुरू व्हायचं. आईबाबांची भांडणंसुद्धा अशी तुकड्यातुकड्यांनी झालेली मी ऐकली आहेत. दुसरी गोष्ट राखेची. ती दिसायची नाही, पण असायची. पापड वाळत घालायचे तर वरून जुनं पातळ, लोणच्याच्या बरणीला दोन दादरे, दोरीवरचे कपडे काढताना आधी दोनदा झटकायचे. आई सांबारवडी करायची तेव्हा दारं-खिडक्या लावून घ्यायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती धुऊन, चिरून, खसखस-खोबऱ्यात परतून पारीत भरायची, आणि त्या बंद खोलीत तेलाचा, लसणीचा, हिरव्या सांबाराचा असा वास कोंडायचा की बाबा ड्यूटीवरून आले की दार उघडण्याआधी बाहेर उभे राहून दोन श्वास घ्यायचे. आजही मला कोणी सुख म्हणजे काय विचारलं, तर मी ते बंद दार सांगेन.

मी तेव्हा सदरला डेकोरेशनचा एक वर्षाचा कोर्स करत होते. रोज बसने जायचं, रंगीत कागद कापायचे, थर्माकोलच्या कमानी कोरायच्या आणि स्वतःला फार मोठी कलावंत समजायचं. एकदा दाढ काढायला रामदासपेठेत दाताच्या डॉक्टरकडे गेले. तिथे बाकावर एक चकचकीत परदेशी मासिक होतं, आणि त्यात एका गोठ्यात केलेल्या लग्नाचे फोटो. गवत, जुनी गाडी, लाकडी पिंपं, कंदील, बरण्या. सगळं रिकामं, मातकट, शांत. माझा गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, पण मी ते पान इतकं पाहिलं की शेवटी खोकल्याचं नाटक करून फाडून पर्समध्ये टाकलं. (डॉक्टर हयात असतील तर त्यांचीही माफी. ही कबुली यादीबाहेरची आहे.) परत येताना बसमध्येच मी ठरवलं, की ताईच्या रिसेप्शनला लाल-सोनेरी पडदे आणि सिंहासनं नाहीत. खेडं उभारायचं, अस्सल आपलं!

ताईचं लग्न काटोलच्या पुढच्या एका गावी, मुलाकडे होतं. संत्र्याची बाग असलेलं घर. प्रमोद भाऊजी आणि त्यांचे मोठे भाऊ, दोघांचे आईवडील लवकर गेले, आणि दोघांना वाढवलं त्यांच्या आत्याने. सरूआत्या म्हणत तिला. तरुणपणी विधवा झालेली, उंच, काटक, बागेत उभी राहिली की मजूर आपोआप सरळ ओळीत चालायचे. थोरल्या भावाची बायको मंदावहिनी. ती सातेक वर्षांपूर्वी या घरात आली होती आणि तिला मूल नव्हतं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी ताईने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "पिंकी, तुझी जीभ फार चालते. त्यांच्याकडे मुलाबाळांचा विषय काढायचा नाही. आत्याबाई वहिनीला फार जपतात." मी मान डोलावली होती. जीभ मी खरंच सांभाळली. बाकी अंग सांभाळायचं राहिलं.

ठरलं असं होतं, की लग्न त्यांच्या गावी दुपारी लागणार आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला आमच्या कॉलनीच्या क्लबामागच्या मैदानावर रिसेप्शन. मी मंगलाष्टकांच्या अक्षता टाकल्या आणि मामांची जीप आणि ड्रायव्हर घेऊन त्याच दुपारी परत आले. आई, बाबा, बाकी सगळे गावीच राहिले. ते दुसऱ्या दिवशी मुलाकडच्या मंडळींबरोबर येणार होते. म्हणजे माझ्या खेड्याला येऊन पाहणारं, नाक मुरडणारं, 'हे असं नको गं' म्हणणारं एकही मोठं माणूस नव्हतं. आयुष्यात इतकं स्वातंत्र्य मला पुन्हा कधी मिळालं नाही, आणि तेच बरं झालं.

कोर्समधल्या चार मैत्रिणी आणि प्लँटमधले दोन खलाशी घेऊन मी कामाला लागले. खलाशी म्हणजे दोरखंडाने मोठमोठी यंत्रं उचलणारी माणसं. त्यांनी मारलेली गाठ देवालाही सुटत नाही, हे त्या वेळी मला कौतुकाचं वाटलं. दहेगावहून एक जुनी बैलबंडी आणली, तिचं जू जमिनीला टेकवून ठेवलं. वेळूची कमान केली आणि तिच्यावर सुपं बांधली, प्रत्येकावर गेरू आणि चुन्याची नक्षी. एकावन्न मडकी दोरीच्या शिंक्यांत, कमानीपासून स्टेजपर्यंत दोन्ही बाजूंनी. धान्य मापायच्या जुन्या पायल्या, कुडव, दोन घागरी. टेबलांवर गोणपाट. लोणच्याच्या बरण्यांत मेणबत्त्या. जेवणात पानगे, वांग्याची भाजी आणि पाट्यावर वाटलेला ठेचा. आचारी मिक्सर आणला नाही म्हणून सकाळपासून माझ्या नावाने बोटं मोडत होता. सगळं झालं तरी स्टेजशेजारच्या कडुनिंबाखाली जागा मोकळी वाटत होती. तिथे 'काहीतरी' हवं होतं. मी घरी धावले, माळ्यावर चढले आणि आमचा पाळणा काढला. शिसवी लाकडाचा, ताई आणि मी दोघी ज्यात वाढलो तो. खलाशांनी तो निंबाच्या फांदीला टांगला. वाऱ्याने तो हलकेच झुलायला लागला, आणि मी दोन पावलं मागे जाऊन, कमरेवर हात ठेवून, गेरूने माखलेल्या बोटांनी डोळ्यावरचे केस मागे सारत म्हटलं, "आता झालं!"

झालंच होतं.

मंडळी सातऐवजी साडेचारलाच आली. शेतकरी घरं वेळेच्या आधी पोचतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मिनीबस मैदानाशी लागली, मागून संत्र्यांच्या पेट्या लादलेली जीप. आधी बाबा उतरले, मग आई, मग नवरा-नवरी, मग मंदावहिनी आणि इतर बाया, आणि शेवटी सरूआत्या. करडं नऊवारी, डोक्यावर पदर, पायात जाड वहाणा. मी कमानीत आरतीचं ताट घेऊन उभी, चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला आल्यासारखं हसू. आत्या कमानीपर्यंत आली. वर पाहिलं. थांबली. तिच्या मागे बाकीचे आपोआप थांबले.

"हे काय होय?" ती म्हणाली.

"सजावट आहे आत्याबाई," बाबा पुढे झाले. "आजकाल जरा गावाकडचं वळण देतात. फॅशन."

"ते दिसते मले." तिची नजर एकेका वस्तूवर जात होती, आवाज मुळीच चढलेला नव्हता. "सुपं रिती. मडकी रिती. घागरी रित्या. पायली पालथी. बंडीत काडी नाही. भाऊ, फॅशनीले मी नाव नाही ठेवत. पन सून पह्यल्यांदा माह्यासंगं तुमच्या दारात येऊन राहिली, अन् तुम्ही तिच्यापुढं सारं रितं मांडलं? खेड्यात असं कोनी टांगत असते का गा? आम्ही सुपात पसाभर दाने ठेवल्याबिगर ते कोनाच्या हाती बी देत नाही."

मला आठवतं, वाफ सुटली नव्हती तरी सगळेजण वाक्याच्या मध्ये अडकल्यासारखे उभे होते. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. रित्या भांड्यांचा हा अपशकुन तिला ठाऊक होता. तीही याच मातीतली, रिकामी घागर समोर आली तर रस्ता बदलणारी. अर्ध्या क्षणात तिने सदरचा एक पुरुष जन्माला घातला. "डेकोरेशनवाला होता हो सदरचा. आम्ही इथे नव्हतो, त्याने त्याच्या मनानेच केलं. गेला मेला पैसे... गेला निघून." आणि मी, जिला आजवर कोणी गप्प करू शकलं नव्हतं, ती हातातलं ताट घट्ट धरून गप्प बसले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण तेवढ्यात वारा आला आणि निंबाखालून करकर असा आवाज आला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. पाळणा झुलत होता. मोठा, रिकामा, लाकडाच्या कड्यांवर करकरत, जणू कोणी अदृश्य बाई त्याला झोका देते आहे. बायांच्या नजरा पाळण्यावरून मंदावहिनीवर गेल्या आणि तिथून भाजल्यासारख्या जमिनीवर आल्या.  मंदावहिनीने खांद्यावरची शाल जरा वर ओढली. साक्षगंधाच्या दिवशी मी डोलावलेली मान मला तेव्हा आठवली, आणि आठवली म्हणजे कशी, तर कोणी मानेवर थंड पाणी ओतावं तशी.

"अन् तो?" सरूआत्या आता फार हळू बोलत होती. "तो कोनाले दाखवाले टांगला?"

मी ताट आईच्या हातात देऊन पळाले. पाळणा उतरवून कुठेतरी, चिमणीत, नदीत, कुठेही टाकून द्यायचा होता. मी गाठीला नखं लावली. गाठ खलाशांची.

"थांब वं पोरी!" मागून आवाज आला. "टांगलेला पाळना रिता उतरवत नाही आमच्यात. काहून अजून वाईट करून राहिली?"

म्हणजे ठेवायचा नाही आणि काढायचाही नाही. आत्या वळली. "भरा हे सारं. भरल्यावर पाहू. मी गाडीत बसते." आणि ती मिनीबसच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसली. ताई कमानीबाहेरच उभी होती, शालूत. ती शांतपणे म्हणाली, "आत्याबाई येईपर्यंत मीही आत यायची नाही." बाबांनी घड्याळ पाहिलं. सातला चारशे माणसं येणार होती, त्यात बाबांचा सगळा प्लँट, आणि नवरी बसच्या दाराशी.

मग जी पळापळ झाली ती आजही माझ्या पायांत आहे. मी आणि मैत्रिणी आचाऱ्याकडे धावलो, तांदळाच्या पोत्यात मडकी बुडवू लागलो. तो पळी घेऊन पुढे आला. "ओ बाई! तो भात होय लोकायचा! मडक्यात टांगून ठेवता तं पंगतीले काय दाखवू? नक्षी?" बारा मडक्यांनंतर त्याने उरलेल्या पोत्यावर बूड टेकलं आणि उठला नाही. तूरडाळीवर त्याने मामांना राखणीला बसवून ठेवलं होतं. सुपं भरली तर टांगलेल्या सुपातून दाणे घरंगळायला लागले, मग ती काढून कमानीच्या पायाशी आडवी मांडली. पावणेसहा वाजले. एकोणचाळीस मडकी तशीच तोंड वासून. मी रडायला लागले नव्हते, पण नाक वाहत होतं. तेवढ्यात प्रमोद भाऊजी, डोक्यावरचा फेटा काढून, जीपवर चढले आणि पेट्यांच्या फळ्या हातांनी उपटायला लागले. ही संत्री आमच्या कॉलनीत घरोघर वाटायला आणली होती. "फेका!" ते ओरडले. "एकेक मडकं घ्या, अन् झेला!" मंडपात संत्री उडायला लागली. बाबा झेलत होते, खलाशी झेलत होते, मुलाकडच्या बायाही पदर खोचून आल्या. बंडी भरली. घागरींवर संत्री रचली गेली. सहा वाजून गेले तेव्हा मावळतीचं ऊन त्या सगळ्या केशरी रांगांवर पडलं होतं आणि त्यावर बारीक राख बसायला सुरुवातही झाली होती. आजवर मी शेकडो मंडप पाहिले आहेत, काही स्वतः केले आहेत. त्याच्याइतकं देखणं काही पाहिलं नाही. त्या वेळी मात्र ते पाहायला कोणाला सवड नव्हती, कारण निंबाखाली करकर चालूच होती.

कोणीतरी टोपलीभर संत्री पाळण्यात ओतायला नेली. पाठ न वळवता आत्या म्हणाली, "पाळना टोपली नसते." तिला ते कसं दिसलं, देव जाणे.

मी आचाऱ्याच्या तंबूमागे जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर लपले. थोड्या वेळाने मंदावहिनी तिथे आली. या बाईला मी दोन दिवसांत एक वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. ती समोर उभी राहिली, माझा उजवा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला.

"तुह्या हाताले गेरू हाय वं," ती म्हणाली.

मी बोटं मिटून घेतली.

"सदरच्या मानसाच्या बी हाताले असंलच म्हना." तिने हात सोडला. डोळ्यांत राग नव्हता. उलट अगदी तळाशी, मला अजून वाटतं, किंचित खोडकरपणा होता. "रडू नको. पाळना देखना हाय तुमचा. वरवंटा कुठी ठेवला त्या आचाऱ्यानं?"

ठेच्याचा वरवंटा पाट्यावर पडला होता. तिने तो नळाखाली धुतला, तिखटाने हात चुरचुरले असतील, तरी नीट धुतला. हळदीकुंकवाचं बोट लावलं. मग आहेरातला एक नवा पांढरा टॉवेल उघडला आणि वरवंटा त्यात असा गुंडाळला, की वर गोल डोकं, खाली निमुळतं अंग. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात ना, दोघीजणी पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हाती देतात, अगदी तसा. डोळ्यातलं काजळ बोटाने काढून त्या दगडाला तीट लावली. आणि तो छातीशी धरून ती सगळ्यांच्या देखत मैदान ओलांडून गेली.  तिने पाळण्यात पदराची घडी अंथरल्यासारखी आपली शाल अंथरली, त्यावर ते ठेवलं, दोरी हातात घेतली आणि शेजारच्या खुर्चीवर बसून झोका द्यायला लागली. करकर तीच होती, पण आता ऐकवत होती.

सरूआत्या उठली. चालत कमानीपर्यंत आली, तांदळाच्या सुपाला हात लावून तो कपाळाला लावला आणि ताईचं मनगट धरून आत शिरली. पाळण्याशी थांबली. आत पाहिलं. मंदावहिनीकडे पाहिलं.  मग आत्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली, ताठ.

आम्हाला वाटलं, सुटलो. नव्हतो. मी पाण्याचा पेला घेऊन गेले, तर तिने हाताने बाजूला केला. आई गेली, पेला परत. स्वतः बाबा गेले, टोपी काढून, पेला परत. आमच्याकडे जो सोयरा दारात येऊन पाणी घेत नाही, तो सोयरा राहत नाही. हे ताईला माहीत होतं, आणि स्टेजवरून ती प्रत्येक पेला परत जाताना पाहत होती. सात वाजले, पाहुणे यायला लागले. माझ्या खेड्याचं कौतुक होत होतं, 'वा, काय संत्री!' म्हणत होते, आणि आम्ही घरचे दात दाखवत फोटोंना उभे राहत होतो, एक डोळा त्या पेल्यावर. त्या फोटोंत ताई लग्नाची नवरी वाटतच नाही, निकालाची वाट पाहणारी मुलगी वाटते. मंदावहिनी दोरी ओढत होती. तिच्याकडे सगळे बघत होते आणि कोणी विचारत नव्हतं.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे मला हमखास विचारतात, पुढे मंदावहिनीला मूल झालं का हो? नाही झालं. त्या वरवंट्याने चमत्कार केला नाही. आज ती साठीला टेकली आहे, सगळी बाग तीच पाहते, आणि मजूर तिच्यासमोरही सरळ ओळीत चालतात. रुचाच्या लग्नाची तारीख तिला विचारून धरली. आणि गेरूची गोष्ट तिने आत्याला शेवटपर्यंत सांगितली नाही.

तर, साडेसात वाजता डोंगरेकाका आले. बाबांच्या टर्बाइन विभागातले, तीस वर्षं यंत्रांच्या गडगडाटात काम केल्यामुळे त्यांना वाटायचं की सगळं जग बहिरं आहे. ते कुजबुजले तरी कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. काका पाकीट घेऊन स्टेजकडे निघाले, वाटेत पाळणा दिसला. पाळण्यात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, काजळाची तीट, शेजारी झोका देणारी बाई. काका थांबले, चष्मा वर केला, वाकून आत पाहिलं. मग सावकाश मान वर करून स्टेजवरच्या ताईकडे पाहिलं, मग नवरदेवाकडे, मग बोटांवर काहीतरी मोजलं. बाबांचा चेहरा मला समोरून दिसत होता आणि तो पांढरा पडत होता, कारण काकांचं तोंड उघडायला लागलं होतं.

ते जे बोलले ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. आचाऱ्याच्या तंबूपर्यंत गेलं.  ताईने डोळे मिटले, आईने माझं मनगट धरलं. आणि मग मंदावहिनी हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग पाळण्याच्या कडेला धरून वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलाकडच्या बायांनी तिला असं कधी पाहिलेलंच नव्हतं. एकेक करत त्या सुटल्या. सरूआत्या ओठ दाबून बसली होती. तिचे खांदे हलायला लागले, नाकातून आवाज आला, आणि तिला असा ठसका लागला, असा ठसका, की तिने न बघता हात लांब केला. मी तिथेच पेला घेऊन उभी होते. तिने तो घटाघटा रिकामा केला, माझ्या हातात परत दिला आणि डोळे पुसत म्हणाली, "अजून आन वं." स्टेजवर ताई रडत होती, पण तोंड हसरं होतं, आणि मधोमध डोंगरेकाका, हातात पाकीट, एकदा याच्याकडे एकदा त्याच्याकडे बघत, आपलं काय चुकलं ते न समजून, तेच वाक्य पुन्हा, आता बाबांना उद्देशून आणि आणखी मोठ्याने म्हणाले:

"काहून गा, लगन तं कालच झालं म्हने ना?"